कोटेशनवर 'आय-सेव्हन' दिसलं म्हणून हुरळून जाऊ नकोस

तू टाकलेलं कोटेशन नीट वाचलं. मॉनिटर धरून सत्तर हजार आणि त्यात 'आय-सेव्हन प्रोसेसर, गेमिंग मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ७०० वॅट एसएमपीएससह आरजीबी कॅबिनेट, २२ इंची एलईडी मॉनिटर'. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक रोज, अधूनमधून मोठे गेम, शिवाय कॉलेजचं ऑटोकॅड, हा तुझा वापर. आणि प्रश्न असा की आय-सेव्हन मिळतोय, तर पप्पांना हो म्हणू का?

एवढ्यात म्हणू नकोस. या कागदावर एकाही वस्तूचं पूर्ण नाव नाही. कोटेशनमध्ये जिथे मॉडेल नंबर गाळलेला असतो, तिथेच बहुतेक वेळा पैसे वाचवलेले असतात, आणि ते तुझे नसतात. भाव करायच्या आधी प्रत्येक वस्तूची कंपनी आणि मॉडेल लिहून माग. धड दुकानदार दोन मिनिटांत देतो. जो 'तू कशाला टेन्शन घेतोस, टॉप माल आहे' म्हणतो, त्याच्याकडून माउसपॅडसुद्धा घेऊ नये.

आय-सेव्हन हे इंटेलच्या प्रोसेसरच्या एका घराण्याचं नाव झालं. २०१२ सालचा ३७७० हा आय-सेव्हनच आणि आजचाही आय-सेव्हनच. ऑफिसांतून निघालेल्या जुन्या मशीनचे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे प्रोसेसर नव्या कॅबिनेटमध्ये घालून विकायचा धंदा जोरात चालतो. ३७७०ला चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). २०२२च्या आय-थ्री १२१००एफलाही तेवढेच. पण हा आय-थ्री त्याला सहज मागे टाकतो, कारण एकेका कोअरचा वेग कुठल्या कुठे गेलाय. आणि तुझ्यासाठी दुसरीच अडचण आहे. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपला आणि विंडोज ११वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट ही सुरक्षेची दोन्ही फीचर्स सुरू लागतात. म्हणजे ज्या गेमसाठी पीसी घेतोयस, तोच अडून बसायचा.

तुझ्या बजेटमध्ये एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय-फाइव्ह १२४००एफ, दोघांपैकी जो मदरबोर्डसकट स्वस्त पडेल तो घे. दोन्ही सहा कोअर, बारा थ्रेड. यांच्यात कोण भारी यावर लोक रात्रभर भांडतात, तू त्यात पडू नकोस. एवढं लक्षात ठेव की दोघांनाही स्वतःचा डिस्प्ले नाही. कार्ड नसेल तर पडदा काळा.

खाली एकाने सुचवलंय की स्वतःचा डिस्प्ले असलेला ५६००जी घे आणि कार्ड पुढच्या वर्षी बघ. बजेट पस्तीस-चाळीस हजार असतं तर मीही हेच म्हणालो असतो. पण ५६०० आणि ५६००जी यांत नुसत्या एका अक्षराचा फरक नाही. जीमध्ये एल-थ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) १६ एमबी, साध्या ५६००मध्ये ३२. जी पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसरमधला रस्ता) ३.०वर थांबतो, ५६०० ४.०वर चालतो. पुढे कार्ड लावलंस की हा फरक जाणवतो. कार्ड आत्ताच घेणार असशील तर जीचे पैसे वाया.

आता कार्ड. सगळ्यात जास्त वेळ इथे घाल, कारण गेम कसा चालणार हे ९० टक्के इथेच ठरतं. '४ जीबी' हा मेमरीचा आकडा आहे, ताकदीचा नाही. जीटी ७३० नावाचं २०१४चं कार्ड अजूनही ४ जीबी डीडीआर-थ्री मेमरी लावून विकलं जातं. त्यावर व्हिडिओ बघावा, गेमच्या नादी लागू नये. ४ जीबीत आरएक्स ६५०० एक्सटीही येतं. ते नवं असलं तरी त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत, त्यामुळे ३.०च्या बोर्डावर ते गुदमरतं. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे स्ट्रीमिंग-रेकॉर्डिंगचा भार सगळा प्रोसेसरवर.

या बजेटला माझी पसंती एएमडीचं आरएक्स ६६००. ८ जीबी मेमरी, वीज फक्त १३२ वॅट, एका आठ-पिन वायरवर चालतं आणि फुल एचडीवर तुझे दोन्ही रोजचे गेम हाय रिफ्रेशला (सेकंदाला जास्त फ्रेम) आरामात खेळवतं. जरा जास्त पैसे जमले तर एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० १२ जीबी किंवा ४०६० बघ. पुढे ब्लेंडर किंवा रेंडरिंगकडे जाणार असशील तर एनव्हिडियाचा फायदा खरा आहे, कारण बरीच सॉफ्टवेअर त्यांच्याच कुडा प्रणालीला धरून लिहिलेली असतात. फक्त ३०५० घेताना डोळे उघडे ठेव. ८ जीबीवालं वेगळं आणि २०२४मध्ये आलेलं ६ जीबीवालं वेगळं. नाव तेच, पण नुसती मेमरी नाही, आतली चिपही कापलेली आहे. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर मोहात पाडतं, १२ जीबी मेमरी आहे. पण रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) सुरू नसेल तर ते पार बसतं आणि ५६००सारख्या प्रोसेसरवर काही गेममध्ये मागे पडतं. नवा प्रोसेसर घेणाऱ्याने त्याचा विचार करावा.

सेकंडहँड कार्डांना माझा सरसकट विरोध नाही. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं तेव्हा बाजारात कार्डांचा पूर आला, त्यातली कित्येक अजून ठणठणीत आहेत. पण दोन गोष्टी बघ. एक, 'आरएक्स ५८० २०४८एसपी' असं लिहिलेलं दिसलं तर ते मुळात ५७०च आहे. खऱ्या ५८०ला २३०४ युनिट असतात. दोन, जीटीएक्स १० मालिकेला एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं थांबवलंय, आणि डूम: द डार्क एजेससारखे गेम रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नसलेल्या कार्डावर सुरूच होत नाहीत. त्यामुळे त्या मालिकेतलं १०८० कितीही स्वस्त मिळालं तरी नमस्कार करून पुढे जा. आणि विकणाऱ्याच्या मशीनवर वीस मिनिटं गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

रॅममध्ये सध्या वैताग आहे. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल उचलायला सुरुवात केल्यावर २०२५च्या अखेरीस भाव दुपटीच्याही वर गेले, आणि मायक्रॉनने तर क्रूशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबरमध्ये जाहीर केलं. म्हणून जुन्या व्हिडिओतले रॅमचे भाव धरून हिशेब करू नकोस. तरी १६ जीबीच्या खाली जाऊ नको, आणि ८-८च्या दोन काड्या घे. एकाच काडीवर ड्युअल चॅनल (दोन वाटांनी एकदम डेटा) मिळत नाही. डीडीआर-फोर ३२०० पुरे. याच कारणाने तुला एएम-फाइव्हचा (एएमडीच्या नव्या प्रोसेसरांच्या सॉकेटचा) आग्रह धरत नाही. एएमडी ते सॉकेट २०२७पर्यंत तरी चालवणार आहे, म्हणजे पुढचा रस्ता तिथेच. पण तिथे डीडीआर-फाइव्हशिवाय पर्याय नाही. पीसी जोडून झाला की बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू करायला सांग. नाहीतर ३२००ची रॅम मुकाट्याने २४०० किंवा २६६६वर चालत राहते आणि कुणाला कळतही नाही.

मदरबोर्ड: रायझनला बी५५०, रॅमचे चार स्लॉट असलेला. बाकी 'गेमिंग' वगैरे छापील शोभा. एसएसडी ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) आत्ता, १ टीबी नंतर. कोटेशनमधली १ टीबी कुठल्या कंपनीची आहे ते विचार. अनोळखी नावाची असेल तर स्वस्ताईचं कारण तेच.

आता ७०० वॅट. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, छापलेला आकडा विसर आणि बाजूचं लेबल वाच. १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत? २० असतील तर बारा गुणिले वीस, म्हणजे २४० वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच जेवतात, तेव्हा तुझा ७०० वॅट खरा एवढाच. मी सांगितलेला पूर्ण पीसी भर गेममध्येही ३०० वॅटच्या आत राहतो, त्यामुळे नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅट, ८० प्लस ब्राँझ भरपूर झाला. ८० प्लस हा वीज किती वाया जाते याचा शिक्का आहे, टिकाऊपणाचा नाही. म्हणून वॉरंटी किमान पाच वर्षांची बघ. कार्डाची आठ-पिन वायर एसएमपीएसमधूनच निघायला हवी, मोलेक्सचा (जुन्या चार-पिन प्लगचा) जोड लावून नको.

सोलापूरला तुमच्याकडे वीज कशी असते ते तुला माहीत. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात अशी तक्रार करणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरात तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नसते. घरातला जुना ६०० व्हीएचा यूपीएस यावर लावू नकोस. तो साधारण ३६० वॅटचाच असतो, मॉनिटर धरून अगदी काठावर येतो आणि बॅटरी जुनी असली तर लाइट गेल्यावर पीसीसकट बसतो. १००० व्हीएच्या पुढचा घे, हवं तर दोन महिन्यांनी.

कॅबिनेटला पुढून जाळी हवी. काचेचं तोंड आणि आत सात रंगांचे दिवे हे फोटोपुरतं ठीक. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात हवा आत शिरायलाच हवी. लिक्विड कूलिंग या प्रोसेसरला लागत नाही, बॉक्समधला पंखा पुरतो.

मॉनिटरवर कोटेशनमध्ये नुसतं '२२ इंची' आहे, म्हणजे ६० किंवा ७५ हर्ट्झ (सेकंदाला तेवढ्याच वेळा चित्र बदलणारा) धरून चाल. तुझे दोन्ही गेम चपळाईचे. १२०च्या पुढे फ्रेम काढणारं कार्ड घेऊन ६० हर्ट्झचा पडदा लावलास तर अर्ध्याहून जास्त फ्रेम तुला दिसणारच नाहीत. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा, १४४ हर्ट्झ किंवा वरचा घे. केबल मदरबोर्डला न लावता कार्डाला लाव आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवड; तो आपोआप निवडला जातोच असं नाही.

पैसे असे लाव: वीस-बावीस हजार कार्डाला आणि नऊ-दहा मॉनिटरला आधी बाजूला काढ, एसएमपीएसच्या चार हजारांना हात लावू नकोस, उरलेल्यात बाकीचं बसव. रॅममुळे ताण आला तर बोर्ड बी४५० चालेल, पण तो ५६००साठी बायोस अपडेट केलेला आहे का ते विचारून घे. कॅबिनेट साधं चालेल. कार्ड आणि एसएमपीएसमध्ये मात्र घासाघीस नको.

दुकान कुठलं, हा तुझा शेवटचा प्रश्न. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर भाव खाली येतो हे खरं, पण कार्ड बिघडलं तर सर्व्हिस सेंटरचे हेलपाटे तुलाच घालायचेत, म्हणून हजार-पाचशेचा फरक असेल तर गावातच घे. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरीयल नंबर आणि भारतातली वॉरंटी आहे का, एवढं बघ. बाहेरून आलेल्या मालाला ती कित्येकदा नसते. पुण्या-मुंबईहून जोडलेला पीसी आणणार असशील तर कार्ड काढून त्याच्या खोक्यात वेगळं घे, एसटीच्या धक्क्यांनी स्लॉट तुटू शकतो.

उद्या दुकानात गेलास की प्रोसेसर, कार्ड आणि एसएमपीएस या तिघांचे मॉडेल नंबर लिहून आण आणि एसएमपीएसच्या लेबलचा फोटो टाक. ते बघून पप्पांना काय सांगायचं ते ठरवू.