नेपाळच्या अभ्यास दौऱ्यात मुलांना तिथला धर्म, संस्कृती आणि राजकारण खरोखर कळावं म्हणून काय करावं?

सर, तुम्ही चोपड्याहून तृतीय वर्षाची मुलं आठ दिवसांसाठी नेताय आणि ठिकाणांची लांबलचक यादी दिलीय. मी अमळनेरला राज्यशास्त्र शिकवतो, विद्यार्थ्यांना घेऊन तिकडे गेलोही आहे. स्पष्ट सांगतो, पोखरा आणि चितवन काढून टाका. लुंबिनी आणि काठमांडू खोरं एवढंच ठेवा. माणसांशी बोलायला वेळ लागतो आणि खरा अभ्यास तिथेच होतो.

जळगाव-भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेसने गोरखपूर, पुढे रस्त्याने सुनौली, सीमा ओलांडली की भैरहवा आणि जवळच लुंबिनी. या वयाच्या मुलांना ओळखीसाठी आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र आत्ताच काढून घ्या.

लुंबिनीत सगळ्यांत आधी अशोकस्तंभाजवळ थांबा. शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले म्हणून राजाने या गावाचा 'बली' नावाचा कर माफ केला आणि शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्या लेखात कोरलंय. धर्म आणि सत्तेचं नातं शिकवायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. तुमच्या वर्गात बौद्ध मुलं असणारच. त्यांच्यासाठी हे नुसतं ठिकाण नाही. मायादेवी मंदिरात त्यांना शांतपणे वंदना करता यावी, बाकीच्यांनी 'चला, चला' करू नये, हे निघण्याआधीच ठरवा. बाबासाहेब नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर 1956 मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स या विषयावर बोलले होते. ते भाषण सगळ्यांनीच गाडीत वाचावं.

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात हिंदूंखेरीज इतरांना सहसा सोडत नाहीत. गटात मुस्लिम किंवा ख्रिश्चन मुलं असतील तर त्यांना दाराशी ताटकळत ठेवू नका. सगळा वर्ग मिळून बागमती नदीच्या पलीकडच्या काठावर बसा. मंदिर, घाट, अंत्यविधी सगळं तिथून दिसतं. ज्याला दर्शन घ्यायचंय त्याने नंतर जावं.

काठमांडूत कुमारीच्या, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीच्या, घरी मात्र भरपूर वेळ काढा. शाक्य कुळातली, म्हणजे बौद्ध घरातली मुलगी तळेजू देवीचं रूप मानून हिंदूही पूजतात. इंद्रजात्रेच्या सणाला पूर्वी राजा तिचा आशीर्वाद घ्यायला जायचा. 2008 साली राजेशाही गेली, आता राष्ट्रपती जातात. राज्यघटना 2015 ची, देश धर्मनिरपेक्ष, पण त्याच घटनेत गाय राष्ट्रीय प्राणी आहे आणि धर्मांतर करवण्यावर बंदी आहे. हे बरोबर की चूक, याचा निकाल मुलांनी तिथे लावू नये. पुजारी, दुकानदार, कॉलेजची मुलगी, तराईतला (भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातला) मधेशी मजूर, सगळ्यांना एकच प्रश्न विचारावा: राजा गेला, तुमच्या सणात काय बदललं? मिळणारी उत्तरं एकमेकांशी जुळणार नाहीत. ती तशीच लिहून आणायला सांगा.

एका गोष्टीची तयारी मात्र पक्की हवी. 2015 साली मधेशी आंदोलनात सीमेवरची वाहतूक महिनोन्‌महिने अडली, भूकंपातून नुकत्याच सावरणाऱ्या लोकांना गॅस, पेट्रोल मिळेना, आणि बऱ्याच नेपाळी माणसांच्या मनात त्याचा दोष भारताला आहे. हे तोंडावर ऐकवतात. आपली मुलं लगेच भांडायला उठतात. ऐकून घेणं ही या दौऱ्यातली सगळ्यात अवघड परीक्षा आहे. सप्टेंबर 2025 च्या तरुणांच्या आंदोलनाबद्दलही विचारा, पण ज्यांची माणसं गेली त्यांच्यासमोर मोबाइल पुढे करू नका.

आणि हा सराव घरीच सुरू करा. प्रत्येकाने निघण्याआधी आपल्या किंवा मित्राच्या घरच्या कानबाईबद्दल, म्हणजे आपल्या खान्देशातल्या देवीच्या उत्सवाबद्दल, आजीला विचारून यावं: रोट (प्रसाद) कोणी खायचे, भाऊबंदकीत भांडण असेल तर काय करतात, सुनेचा मान काय. ज्याला आजीकडून तासभर माहिती काढता आली, त्याला काठमांडू खोऱ्यातल्या पाटणच्या नेवार (तिथल्या मूळ समाजातल्या) म्हातारीशीही बोलता येतं. प्रश्नावली छापून नेऊ नका. कागद पाहिला की लोक सरकारी माणूस समजून तोलून-मापून बोलतात. रोज रात्री तासभर एकत्र बसून दिवसभराचं वाचून दाखवा, आणि त्या तासाला शिक्षकांनी शेवटी बोलावं.