विंडोज ११ असूनही पायथन १० का दाखवतो? मशीनची खरी माहिती कशी काढायची?

नाशिकमधल्या सातपूरच्या कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरची यादी करायची आहे, पण पायथनचं प्लॅटफॉर्म मॉड्यूल विंडोज ११ ला १० म्हणतं आणि नव्या मशीनवर डब्ल्यूएमआयसी (मशीनची माहिती विचारायची विंडोजची जुनी कमांड) चालत नाही, असं तुम्ही विचारलंय. मी अंबडमधल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो, त्यामुळे हे काम रोजचंच.

तुमचा कोड बरोबर आहे. विंडोज ११ चा आतला व्हर्जन नंबर अजूनही १०.० च आहे, त्यामुळे पायथनच्या जुन्या आवृत्त्या फसतात. बिल्ड नंबर बघा: ऑफिसातल्या साध्या मशीनवर तो २२००० किंवा त्यापुढचा असेल तर विंडोज ११.

डब्ल्यूएमआयसी सोडून द्या. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्येच ते मोडीत काढायचं ठरवलं. मात्र त्यामागचं डब्ल्यूएमआय, म्हणजे मशीनची माहिती देणारी विंडोजची यंत्रणा, शाबूत आहे. विंडोजच्या पॉवरशेलमधल्या गेट-सिमइन्स्टन्स या कमांडने तीच माहिती मिळते. ती जेसन या ठरावीक मांडणीच्या मजकुरात बदलून घ्या आणि पायथनच्या सबप्रोसेसने (बाहेरची कमांड चालवणारं मॉड्यूल) वाचा.

रॅमसाठी नुसता एकूण आकडा घेऊ नका. ८ जीबीच्या मशीनवर तो बऱ्याचदा थोडा कमी दिसतो, कारण काही भाग ग्राफिक्सने राखून ठेवलेला असतो. विन३२ फिजिकल-मेमरी हा डब्ल्यूएमआयचा क्लास (माहितीचा गट) प्रत्येक स्टिकची क्षमता वेगळी देतो, बाइट्समध्ये. १०२४ ने तीनदा भागा. ८ ची एकच स्टिक आहे की ४ च्या दोन, हे कळल्याशिवाय मालकाला रॅम वाढवायचा खर्च सांगता येत नाही. यादी खरी उपयोगी पडते ती इथेच.

सिरीयल नंबर विन३२ बायोसमधून येतो. ब्रँडेड मशीनवर तो विश्वासाचा, पण असेंबल्ड मशीनवर बऱ्याचदा 'टू बी फिल्ड बाय ओईएम' (निर्मात्याने भरायचं) एवढंच निघतं आणि पाच मशीन एकाच नावाने यादीत बसतात. म्हणून कॅबिनेटवर स्वतःचा नंबर चिकटवा आणि तोच कॉम्प्युटरचं नाव म्हणून द्या. मॅक अ‍ॅड्रेसला, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या पत्त्याला, ओळख मानू नका. वाय-फाय, केबल आणि व्हर्च्युअल अ‍ॅडॉप्टर यांचे पत्ते वेगवेगळे असतात; शिवाय पायथनच्या गेटनोड या मॅक पत्ता शोधणाऱ्या फंक्शनला पत्ता सापडला नाही तर तो सरळ रँडम आकडा देतो.

एखादं लिनक्स मशीन असेल तर ओएस-रिलीज, सीपीयूइन्फो आणि मेमइन्फो या फाइली कुणालाही वाचता येतात. सिरीयल नंबरला मात्र रूटची, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याची, परवानगी लागते.