हार्डटॉप उतरवल्यावर ठेवायचा कुठे?

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझ्याकडे 1996 सालची माझदा एमएक्स-5, म्हणजे दोन आसनांची उघडी मोटार, आहे. हिवाळ्यात तिच्यावर हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारे कडक छत, असते. एप्रिलमध्ये मी आणि माझा मुलगा ते उतरवतो आणि मग ऑक्टोबरपर्यंत गाडी दारासमोर व छत गॅरेजात राहते. गेल्या वर्षी ते मागच्या कडेवर उभे करून भिंतीला टेकवले होते. पुन्हा बसवले तेव्हा त्या कडेचे रबर चेपलेले निघाले आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी आत आले. आता घरीच लाकडी स्टँड करावा म्हणतो. छत उभे ठेवावे की आडवे? गॅरेजात दोन सायकली आणि गवत कापण्याचे यंत्रही आहे.
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : आडवेच ठेवावे, आणि गाडीवर ते जसे बसते तसेच ठेवावे. काचेसह या छताचे वजन वीस किलोंच्या पुढे जाते. गाडीवर हा भार समोरच्या काचेच्या चौकटीवर, दोन्ही बाजूंना आणि मागे असा वाटला जातो, पण छत एका कडेवर उभे केले की तो सगळा बोटभर रबरावर येतो. सहा महिने दबलेले रबर मग फुगून पूर्ववत होत नाही. आपल्याकडे नेमके हेच झाले असावे. त्या रबरावर अंगठा दाबून पाहा : खळगा लगेच भरून आला तर ते अजून वाचेल, तसाच राहिला तर बदलावे लागेल.

स्टँडची मापे पुस्तकातून किंवा दुसऱ्याच्या स्टँडवरून घेऊ नयेत. मोठे पुठ्ठ्याचे खोके उलगडून जमिनीवर पसरावे, दोघांनी छत अलगद त्यावर धरावे आणि तिसऱ्याने पेन्सिलीने कड आखून छत गाडीला अडकवणाऱ्या खटक्यांच्या जागांवर खुणा कराव्यात. टेकू याच खुणांजवळ, जिथे छताचा सांगाडा भक्कम आहे तिथे यावेत. रबर दोन टेकूंच्या मध्ये मोकळे लोंबले पाहिजे.

लाकूड तिकडच्या वखारीत मिळणारे 38 × 63 मिलिमीटरचे, रंधलेले घ्यावे. खाली एक चौकट, वर एक चौकट, मध्ये चार पाय, असा साधा सांगाडा पुरतो. दोन्ही चौकटींचे कर्ण मोजून सारखे आले, तर काटकोन साधला असे समजावे. पायांना तिरप्या पट्ट्या मात्र नक्की माराव्यात, कारण नाहीतर ढकलताना सांगाडा झुलतो आणि झुलणाऱ्या सांगाड्यावर काच असते. उंची कमरेएवढी ठेवली की छत ठेवताना दोघांनाही वाकावे लागत नाही आणि खाली गवताचे यंत्र मावते. सायकली भिंतीवर टांगाव्यात. चाके जरूर लावावीत. चारही रबरी, फिरती, निदान 75 मिलिमीटर व्यासाची, त्यांपैकी दोन ब्रेकची, आणि ती स्क्रूने नव्हे तर बोल्टने बसवावीत.

टेकूंवर नळांना थंडीपासून जपण्यासाठी वापरतात ती फोमची नळी चिरून बसवावी आणि तिच्यावर सुती कापड ताणून शिवावे. फोम रंगाला महिनोन्‌महिने थेट चिकटून राहिला तर डाग पडू शकतो. वरून प्लॅस्टिक गुंडाळू नये, आत दमट राहते. घरात जुन्या सुती साड्यांची गोधडी असेल, तर याहून चांगले पांघरूण विकत मिळणार नाही.

छत उचलण्यापूर्वी मागच्या काचेतील तापतारेची (काचेवरचे दव घालवणाऱ्या विजेच्या तारेची) जोडणी सोडवायला विसरू नये. घाईत ती तुटते. मग रबर साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावे आणि त्याला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. व्हॅसलिन किंवा इंजिन ऑइल लावू नये, त्याने रबर फुगते.

1989 ते 2005 या काळातील पहिल्या दोन्ही पिढ्यांच्या एमएक्स-5 ना एकच हार्डटॉप बसतो, त्यामुळे पुढे आपण 2005 पर्यंतची दुसरी गाडी घेतलीत तरी हा स्टँड चालेल.