डायजेस्टिव्ह बिस्किटं खाऊनही शुगर बॉर्डरलाच!

प्रश्न: नमस्कार मॅडम, मिस्टरांची शुगर बॉर्डरलाइन आलीय. अंगाने बारीकच आहेत, फक्त पोट सुटलंय. म्हणून मी तळण बंद केलं, चहाबरोबर डायजेस्टिव्ह बिस्किटं, नाश्त्याला पाकिटातले मसाला ओट्स आणि पॅकबंद ज्यूस, सगळं हेल्दीच आणते. तर मुलगी म्हणते हे सगळं अल्ट्रा प्रोसेस्ड आहे, आजीची चकली नाही! असं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, मुलगी बरोबर बोलतेय, फक्त तिने आजीच्या डब्यावर ताव मारायला हे कारण काढलं असेल तर ते नाही चालणार. चकली अल्ट्रा प्रोसेस्ड नाही, पण तेल ते तेलच.

अल्ट्रा प्रोसेस्ड हे नाव आलं ब्राझीलमधून. साओ पाउलो विद्यापीठातल्या कार्लोस मोंटेरो यांच्या टीमने अन्नाचे चार गट पाडले, आणि तळलेलं की उकडलेलं हे न बघता कारखान्यात त्याचं काय काय केलं ते बघितलं. दळणं, आंबवणं, वाळवणं आपण पिढ्यानपिढ्या करतोय, त्याला काही हरकत नाही. पण माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, इमल्सिफायर, फ्लेवर असलं घरात कधीच नसणारं सामान पडलं की चौथा गट, म्हणजेच अल्ट्रा प्रोसेस्ड. आता तुमचं बिस्किटाचं पाकीट उलटं करा, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, बघा मैदा, साखर, पाम तेल कितव्या नंबरवर आहेत ते. पुढच्या बाजूचं ‘हाय फायबर’ वाचूच नका, ती जाहिरात आहे.

यावरचा मला सगळ्यात पटलेला प्रयोग 2019 चा, तेव्हा अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत असलेल्या केविन हॉल यांचा. 20 जणांना तिथेच ठेवलं, दोन आठवडे अल्ट्रा प्रोसेस्ड आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्हीत समोर वाढलेल्या कॅलरी, साखर, फॅट, फायबर, मीठ जवळपास सारखं आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलेलं. तर पाकीटवाल्या जेवणावर तीच माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, खायचा वेगही जास्त, आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वाढली, साध्या जेवणावर तेवढीच उतरली! प्रयोग छोटा आहे, मान्य, पण भूक कशी फसते ते यात स्वच्छ दिसतं. मऊ, पटकन गिळलं जाणारं खाणं, पोट भरल्याचा निरोप पोचेपर्यंत अर्धा पुडा संपलेला असतो.

मिस्टर बारीक आहेत यावर मात्र जाऊ नका. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगतायत, आपली बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनाने हलकी पण त्या मानाने अंगात चरबी जास्त, म्हणजे बारीक दिसणाऱ्याच्या अंगातही चरबी असू शकते. त्यामुळे काट्याऐवजी टेप घ्या, पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बायकांची 80.

आणि सगळं एका दिवसात फेकू नका हो. चौथ्या गटातलंही सगळं सारखंच वाईट नसतं, अमेरिकेतल्या मोठ्या पाहण्यांत डायबेटिसशी जास्त संबंध दिसला तो गोड कोल्ड्रिंक आणि प्रोसेस्ड मांसाचा, अख्ख्या धान्याच्या ब्रेडचा नाही. म्हणून तुमच्याकडे आधी ज्यूस बंद, सरळ संत्रं खा. मग बिस्किटांच्या जागी फुटाणे. ओट्स आवडत असतील तर साधे आणा आणि फोडणी घरची द्या, किंवा सरळ मुगाचं धिरडं करा, स्वस्तही पडतं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी (रक्तातली गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा.