मोठा एसी घेण्याआधी फटी बघ

एसी कमी पडतोय म्हणून लगेच मोठा घ्यायला धावू नकोस. आधी गार हवा जाते कुठे ते बघ. दाराखालच्या फटीशी टिश्यूची बारीक पट्टी धर. फडफडली की समजायचं, तिथे रबरी पट्टी हवी. ऊन काचेच्या बाहेरच अडव, आतला पडदा तापून उष्णता खोलीतच सोडतो. वर थेट गच्ची असेल तर छताचं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, सगळ्यात आधी. फिल्टर दर दोन आठवड्यांनी धू, पण पूर्ण वाळवूनच बसव. मी एकदा घाईत ओलाच बसवला, कितीतरी दिवस कुबट वास! एसीच्या बाहेरच्या युनिटला जोडलेल्या जाड तांब्याच्या नळीवरचा फोमही तपास. माझ्याकडचा उन्हाने पार भुगा झाला होता. आणि १८ कशाला? २५ ठेव, सोबत पंखा लाव.