वाचक विचारतात : आठ एमएमची रिळं घरच्या घरी

प्रश्न : माझे चुलत सासरे नैरोबीला रेल्वेत नोकरीला होते. ते गेल्यावर त्यांच्या सामानात लहान रिळांचे 14 पिवळे डबे आणि तीन मोठी रिळं निघाली. डब्यांवर 1961 ते 1963 अशी सालं आहेत, एकावर ‘बंडूची मुंज, सांगली’ असं लिहिलंय. प्रोजेक्टर केव्हाच मोडीत गेला. भाचा अमेरिकेहून फिल्म स्कॅन करायचं छोटं यंत्र आणतो म्हणतो. मुंबईचे एक गृहस्थ रिळामागे पैसे सांगतात. यंत्र घ्यावं का? — एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, भाच्याला हो म्हणण्याआधी सगळे डबे उघडून एकेक रीळ नाकाशी धरा. शिरक्यासारखा आंबूस वास आला तर ते रीळ बाजूला काढा. त्या काळची घरगुती फिल्म अ‍ॅसिटेटची, म्हणजे एका जातीच्या प्लॅस्टिकची. उकाडा आणि दमटपणा सोसून ती कुजायला लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, मग फिल्म आक्रसते, वाकडी होते. भाच्याचं यंत्र छिद्रात नखी घालून एकेक फ्रेम पुढे ओढणार. आक्रसलेल्या फिल्मची छिद्रं नखीला जुळत नाहीत आणि नखी ती फाडत सुटते. अशी रिळं वेगळ्या खोक्यात ठेवा, कारण त्या वाफांनी शेजारची चांगली रिळंही बिघडतात. ती मुंबईच्या गृहस्थांकडेच जाऊ द्यात, पण त्यांचं मशीन छिद्रांवर चालतं की रोलरवर, एवढं आधी विचारा. रोलरवर म्हणाले तरच द्या. बिनवासाची रिळं मात्र खुशाल घरी करा.

तुमची फिल्म कुठली, ते सालांवरूनच कळतं. सुपर एट ही आठ एमएमचीच पुढची जात, ती बाजारात आली 1965 साली, म्हणजे तुमचं सगळं साधं आठ एमएम. तरी खात्री करायची तर फिल्म उजेडासमोर धरा. साध्या आठमध्ये छिद्र मोठं आणि दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर असतं, सुपर एटमध्ये बारीक आणि चित्राच्या मध्यासमोर. ही छोटी यंत्रं दोन्ही घेतात, फक्त बटण बरोबर दाबायचं. 16 एमएम त्यांत चालत नाही.

यंत्र अमेरिकेत चारशे डॉलरच्या आसपास पडतं. वुल्व्हरीन घ्या नाहीतर कोडॅकचं नाव असलेलं, जात एकच. (कोडॅकचं नाव पाहून हुरळून जाऊ नका, दुसऱ्या कंपनीनं नाव वापरायचा परवाना घेतलाय.) अ‍ॅडॉप्टरवर 100-240 व्होल्ट छापलेलं आहे ना, हे भाच्याला तिथेच बघायला सांगा. कार्ड 32 जीबीचं पुरे. चित्र उतरतं ते टीव्हीवर बघायला छान, मोठ्या पडद्याला कमी. घरच्यांना बंडूचा चेहरा ओळखू येण्याशी मतलब, आणि तो येतो.

वेळेचा हिशेब सांगतो. लहान रीळ 50 फुटांचं, त्यात सुमारे 4000 चित्रं. यंत्र सेकंदाला दोन चित्रं टिपतं, म्हणजे एका रिळाला अर्ध्या तासाहून थोडं जास्त. पण रीळ लावून भाजी आणायला जाऊ नका! मोठी रिळं बहुधा लहान रिळं जोडूनच केलेली असतील, आणि सगळा घोळ त्या जोडांवर होतो. जुन्या चिकटपट्टीचा डिंक कडेनं बाहेर आलेला असतो. तो जोड खाचेत शिरला की टिकटिक एकदम जड होते, पडद्यावर तीच मुंडावळ्या बांधलेली बाई चार वेळा उमटते. आवाज बदलला की थांबवायचं, फिल्म हातानं दोन बोटं पुढे घ्यायची, मग पुन्हा सुरू. त्यापेक्षा आधीच रीळ हातानं उलगडून जोड तपासलेले बरे. कच्चा जोड उघडून फिल्मच्या खास टेपनं नव्यानं करा. सेलोटेप अजिबात नको.

सफाईला पाणी लावू नका. औषधांच्या दुकानातलं स्पिरिटही नको, त्यात पाणी असतं. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ‘99 टक्क्यांचं आयपीए’ (आयसोप्रोपिल अल्कोहोल) मागा. धागे न सुटणाऱ्या फडक्यावर थेंबभर घ्या, दोन बोटांत फडकं धरून त्यातून फिल्म हळू ओढा. खिडक्या उघड्या, गॅस बंद. फडकं काळं झालं की बदला. आधी रिकाम्या शेपटाच्या तुकड्यावर करून बघा.

यंत्रातली शार्पनेस सगळ्यात खाली आणा, नाहीतर चेहऱ्यांना पांढऱ्या कडा येतात. एक्स्पोजर अर्ध्यानं कमी करा. भर दुपारच्या उन्हातली पांढरी धोतरं यंत्र पार धुऊन टाकतं, आणि एकदा धुतली की कुठल्याही सॉफ्टवेअरनं परत येत नाहीत. दुकानाची पाटी उलटी वाचायला आली तर फिल्म उलट्या बाजूनं बसलीय.

आता गंमत बघा. ही यंत्रं व्हिडिओ तयार करतात सेकंदाला 20 चित्रांचा. तुमच्या सासऱ्यांचा कॅमेरा बहुधा 16 वर चालला असणार. त्यामुळे भटजी लगबगीनं हातवारे करतात, मंडळी पंक्तीत भराभर जेवतात आणि सव्वाचार मिनिटांचं रीळ साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवर वेग 0.8 केला की माणसं माणसांसारखी चालायला लागतात. कायमचा बदल अ‍ॅव्हिडेमक्स या सॉफ्टवेअरमध्ये करता येतो. ते फुकट आहे, भाच्याला येईल.

आणि नातेवाइकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नुसता व्हिडिओ पाठवला तर ते त्याचं पिठलं करतं. फिल्म मुकी आहे, तेव्हा कुटुंबातलं जे सगळ्यात थोरलं माणूस असेल त्याला टीव्हीसमोर बसवा आणि शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. “ही कोण?” एवढंच विचारायचं, बाकी ते बोलतीलच.

प्रश्न : आमच्या लग्नाचं (1978) सुपर एट रीळ आहे. कडेला तपकिरी पट्टी आहे. यंत्रात आवाज येत नाही, यंत्र बिघडलंय का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही हो. ती पट्टी चुंबकीय, आवाज तिच्यात आहे, आणि ही स्वस्त यंत्रं ती वाचतच नाहीत. आवाजाचा प्रोजेक्टर मिळवा, त्यातून तार काढून आवाज लॅपटॉपवर घ्या आणि चित्राशी नंतर जुळवा. मात्र जुन्या प्रोजेक्टरचे रबरी पट्टे विरलेले असतात. आधी दुसरं टाकाऊ रीळ घालून पाहा, ते धडपणे बाहेर आलं तरच लग्नाचं घाला. आणि तो प्रोजेक्टर भिंतीवर सोडून मोबाइलनं चित्रीकरण करायचा बेत असेल तर तो सोडून द्या, चित्र सारखं लपलपतं.

प्रश्न : सगळं पेनड्राइव्हवर आलं. आता रिळं भंगारात द्यावीत का? जागा अडते. — एक वाचक, फोंडा

उत्तर : मुळीच देऊ नका. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे (कोडॅकच्या रंगीत फिल्मचे) रंग दशकानुदशकं टिकतात. पेनड्राइव्हची तशी हमी तुम्हाला कोण देणार? उद्या याहून चांगलं यंत्र आलं तर पुन्हा स्कॅन मूळ फिल्मवरूनच करावं लागेल. व्हिडिओच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या गावी बहिणीकडे वगैरे ठेवा. रिळं गंजक्या डब्यांतून काढून प्लॅस्टिकच्या डब्यांत घाला, वर साल आणि प्रसंग लिहा आणि आतल्या खोलीतल्या कपाटात, जमिनीपासून वर ठेवा. गोव्याच्या पावसात महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बुरशी बघत जा. माळ्यावर मात्र नको, कौलांखाली फार तापतं.