उन्हाळ्यात जिलेटिनची जेली फ्रिजबाहेर काढताच का वितळते? अननस घातला की ती बसतच नाही, असं का?

तुमचं प्रमाण चुकत नाहीये, जिलेटिनचा स्वभावच तसा आहे. ते साधारण ३५ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर तोंडात घातलं की विरघळतं. सोलापुरात मे महिन्यात पारा ४२-४३ला टेकलेला असताना पंख्याचा वारासुद्धा गरम असतो, तिथे ताटलीतली जेली किती वेळ तग धरणार? जास्त जिलेटिन घालून फारसा फरक पडत नाही, नुसती रबरासारखी चिवट होते.

अननस, पपई, किवी ही फळं कच्ची घातली तर त्यांतली पाचक द्रव्यं जिलेटिनमधली प्रथिनं तोडतात. फोडी आधी पाचेक मिनिटं उकळून घेतल्या की हा त्रास होत नाही. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो.

पाहुण्यांसमोर ठेवायची असेल तर मी चायना ग्रासच सुचवेन. तो ८५ अंशांपर्यंत वितळत नाही, समुद्री शेवाळाचा असल्याने शाकाहारी मंडळींनाही चालतो, आणि त्यात प्रथिनं नसल्यामुळे कच्च्या अननसाचंही भय नाही. जिलेटिनची ती डुगडुग मात्र त्यात नाही. चमचा लावला की वडी सरळ मोडते.

अर्धा लिटर जेलीला चायना ग्रासच्या ५ ग्रॅम पट्ट्या लागतात. कात्रीने बारीक कापून २०० मिली पाण्यात अर्धा तास भिजवा आणि त्याच पाण्यात मंद आचेवर ८-१० मिनिटं ढवळत उकळा. चमचा उचलून उजेडात बघा, एकही काचेसारखा कण दिसता कामा नये. राहिला तर तो दाताखाली येतोच. मग ४ मोठे चमचे साखर विरघळवून गॅस बंद करा आणि ३०० मिली डाळिंबाचा रस ओता. रस आंबट असतो, सोबत उकळला तर जेली सैल पडते. आणि तो फ्रिजमधला गार नको! गार रस पडताक्षणी चायना ग्रास तिथल्या तिथे गोठतो, दोरे आणि गुठळ्या होतात. रस कोमट करून घ्या. दाणे मिक्सरमध्ये जास्त फिरवले की बिया दळल्या जाऊन कडवटपणा येतो, एक-दोन झटके पुरे.

गाळून ताटलीत ओता. एरवी हे बाहेरच घट्ट होतं, पण आपल्याकडे दुपारी खोलीच ३८ अंशांवर असते, म्हणून ताटली माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवा, मग तासभर फ्रिजमध्ये.

जिलेटिनच हवं असेल तर अर्ध्या लिटरला १० ग्रॅम घ्या. ५० मिली गार पाण्यावर भुरभुरवून १० मिनिटं फुगू द्या, मग गरम रसात विरघळवा, उकळू नका. ४-५ तास फ्रिजमध्ये बसू द्या. साच्यातून काढायला गरम पाणी वेगळं करायला नको, दुपारचं गच्चीवरच्या टाकीचं पाणी पुरतं; त्यात साचा ३ सेकंद बुडवा, जास्त नाही. वाट्या आधीच फ्रिजमध्ये ठेवा आणि सगळे बसले की मगच वाढा. चायना ग्रासच्या वड्या दोन दिवसांत संपवा, नंतर त्यांना पाणी सुटतं.